ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्रीबद्दल : बेळगाव जिल्ह्यातील शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रुग्णालय चालकांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी आणि रुग्णालयांचे चालक यांस,

सादर नमस्कार.

मी बत्तीस वर्षे शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले. त्यातली बरीचशी वर्षे बेळगाव शहरात गेली, काही खानापूरकडे आणि काही निपाणीच्या बाजूला. आपल्यापैकी काहींच्या हाताखाली मी काम केले आहे आणि काहींना, ते इंटर्न असताना, शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्याच्या हाताला सलाईन कशी लावायची हे मीच दाखवले आहे. तेव्हा या पत्रात कुठे अधिकाराचा सूर लागला तर तो जुन्या ओळखीचा समजावा. विषय एकच आहे. ऑपरेशननंतरच्या वेदनेसाठी केसपेपरवर आपण जे औषध लिहिता, त्याच्यापुढे 'एसओएस' ही तीन अक्षरे लिहिणे आता थांबवावे, एवढी विनंती करण्यासाठी मी हे लिहीत आहे.

एसओएस म्हणजे गरज पडल्यास. पण गरज पडली हे कोणी ठरवायचे, किती दुखले म्हणजे गरज मानायची, पहिल्या डोसने भागले नाही तर पुढे काय करायचे आणि ते किती वेळाने करायचे, यांपैकी काहीही त्या तीन अक्षरांत नसते. आपण घरी जाता, रात्रपाळीची सिस्टर येते आणि मग गरज कोणाची हे प्रत्यक्षात काउंटरपाशी ठरते. ज्याच्या मुलाचा आवाज मोठा त्याला सुई आधी मिळते. जांबोटीकडची एखादी बाई, जिने दुखणे सांगणे म्हणजे लाज असे लहानपणापासून ऐकले आहे, ती भिंतीकडे तोंड करून पहाटेपर्यंत पडून राहते आणि सकाळी राउंडला आपण विचारले की "बरं आहे" म्हणते. ते 'बरं आहे' केसपेपरवर नोंदवले जाते. मी स्वतः ते शेकडो वेळा नोंदवले आहे.

माझे डोळे उघडले ते दोन वर्षांपूर्वी, मी स्वतः त्या खाटेवर पडले तेव्हा. पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीने सुरू झाली होती, पण आत सगळे चिकटलेले निघाल्यामुळे उजव्या बरगडीखाली पोट उघडावे लागले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, हे मी जाणकार म्हणून सांगते. टाके पाहून मला त्या सर्जनचा हात कळला. संध्याकाळपर्यंत भुलेचा अंमल होता. रात्री साडेदहाच्या सुमारास कळ सुरू झाली आणि प्रत्येक श्वासागणिक बरगडीखाली कोणीतरी विळा ओढावा तसे होऊ लागले. सिस्टर तरुण होती, मायाळू होती, बागलकोटकडची असावी. तिने डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन कमरेत दिले. तासाभराने फरक पडला नाही तेव्हा सुनेने केसपेपर पाहिला : डायक्लोफेनॅक एसओएस, ट्रामाडॉल एसओएस. ट्रामाडॉल सलाईनमधून दिले गेले आणि त्याने मला उलट्या सुरू झाल्या. पोटावर ताजी जखम असताना उलटी होणे म्हणजे काय, ते ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावे लागत नाही. मी मॉर्फिनबद्दल विचारले. ते होते. परवाना होता, कपाट होते, कपाटाला दोन कुलुपे होती आणि चावी इन्चार्ज सिस्टरबरोबर रात्री आठ वाजताच घरी गेली होती. "स्वल्प तडकोरी, अम्मा," ती मुलगी म्हणाली, म्हणजे थोडे सोसा. तिच्या हातात दुसरे काहीच नव्हते. मला राग तिचा आला नाही. हेच वाक्य मराठीतून मी किती जणांना ऐकवले असेल, ते त्या रात्री मोजत बसले.

सकाळपर्यंत मी वरच्यावर, अर्ध्या छातीने श्वास घेत होते, कारण खोल श्वास घेतला की कळ येत होती. खोकणे तर शक्यच नव्हते. दुसऱ्या दिवशी ताप आला आणि उजव्या फुफ्फुसाचा तळ नीट उघडलेला नाही असे एक्स-रेमध्ये दिसले. मग तीन चेंडूंचे ते श्वास आत ओढायचे यंत्र, फिजिओथेरपी, अँटिबायोटिक वाढवणे आणि दोन दिवसांऐवजी सहा दिवसांचे बिल. पोट किंवा छाती उघडलेल्या रुग्णाची वेदना ही त्याच्या सहनशक्तीची परीक्षा नसून त्याच्या फुफ्फुसांचा प्रश्न आहे, हे आपण पुस्तकात माझ्याहून चांगले वाचले आहे. जो खोकत नाही त्याच्या छातीत कफ साचतो, जो खाटेवरून उतरत नाही त्याच्या पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो, नाडी आणि रक्तदाब चढे राहतात ते वेगळेच, आणि पहिल्या काही दिवसांत तीव्र वेदना आवरली गेली नाही तर काही रुग्णांची ती महिनोन्महिने मागे राहते.

आता शिरेतून द्यायच्या औषधाकडे येते. स्नायूत दिलेले मॉर्फिन किंवा त्याच जातीचे पेंटाझोसिन रक्तात कधी आणि किती उतरेल याचा भरवसा नसतो. थंड पडलेल्या, रक्तदाब कमी असलेल्या रुग्णाच्या कमरेत ते तसेच पडून राहते आणि अंग गरम झाले की एकदम चढते. त्यात आपल्याकडचा क्रम असा : रुग्ण कण्हतो, नातेवाईक येतो, सिस्टर फोन करते, डॉक्टर होकार देतात, चावी शोधली जाते, इंजेक्शन भरले जाते, दिले जाते आणि मग अर्धा-पाऊण तास लागू पडण्याची वाट पाहिली जाते. या सगळ्यात तास-दीड तास गेलेला असतो आणि रुग्ण असह्य दुखणे व जड गुंगी या दोन टोकांत रात्रभर हेलकावत राहतो. शिरेतून मॉर्फिन दिले तर पाचेक मिनिटांत उतार पडू लागतो, साधारण वीस मिनिटांत त्याचा पूर्ण जोर दिसतो आणि पुढचे तीन-चार तास बरे जातात. फेंटानिल त्याहून लवकर, मिनिटा-दोन मिनिटांत लागू होते, पण तेवढ्याच लवकर ओसरते, म्हणून ते ऑपरेशननंतर लगेचच्या रिकव्हरी खोलीत अधिक उपयोगी. शिरेतले असे कोणतेही औषध थोडे द्यावे, पाच मिनिटे थांबावे, विचारावे, श्वास मोजावा, लागले तर पुन्हा थोडे द्यावे. रुग्णाला नेमके जेवढे हवे तेवढ्यावर थांबता येते ते केवळ या वाटेने.

हे मला एका जुन्या भूलतज्ज्ञांनी शिकवले, आणि ज्या रुग्णावर शिकवले तो मला अजून आठवतो. वडगावचे एक विणकर, साठीच्या आसपासचे, अल्सर फुटून रात्री आलेले. पोट मधोमध उघडले होते. सरांनी दहा मिलिग्रॅमची अँप्युल सलाईनच्या पाण्यात मिसळून दहा मिलीच्या सिरिंजमध्ये भरायला लावली, म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम, आणि सिरिंजवर चिकटपट्टी लावून त्यावर औषधाचे नाव, वेळ आणि माझी सही घ्यायला लावली. (आपल्याकडे दहाची आणि पंधराची अशा दोन्ही अँप्युल येतात, न वाचता भरली तर हिशेब दीडपट चुकतो, हे जाता जाता.) एक ते दहापैकी किती दुखते असे मी विचारले, तर त्या गृहस्थांना काही समजेना. सर म्हणाले, "रुपयात विचारा." मग मी विचारले की ऑपरेशनचे दुखणे सोळा आणे धरले तर आत्ता किती आहे. ते म्हणाले, "सोळा काय, अठरा हाय." दोन मिली दिले. पाच मिनिटे थांबून श्वास मोजला, विचारले; चौदा आणे. पुन्हा दोन मिली. दहा आणे, पण खोकता येईना. आणखी दोन मिली दिले. त्यानंतर त्यांनी पोटाला उशी दाबून एकदा खोकून दाखवले आणि म्हणाले, "सहा आणे ऱ्हायलंय बाई, तेवढं चालतंय." सिरिंजमध्ये चार मिली शिल्लक होते. दुखणे शून्यावर आणायचे नसते, खोकता आणि कूस बदलता येईल एवढे खाली आणायचे असते, हे मला त्या सहा आण्यांनी शिकवले.

विचारण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या भागात अर्धे काम तिथेच अडते. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर या शहरात भरपूर भांडून झाले आहे आणि या पत्रात मला तो विषय नको. पण रात्री दोन वाजता सिस्टरने "नोवु ऐतेन्री?", म्हणजे दुखते का, असे कन्नडमध्ये विचारले आणि रुग्ण मराठी असला, तर तो बहुतेक वेळा मान हलवतो आणि ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे दोघांनाही कळत नाही. उलटही तसेच, बैलहोंगलच्या म्हाताऱ्या आजींना मी मराठीतून विचारत असे तेव्हा त्या माझ्याकडे पाहून हसत आणि मी 'वेदना नाही' असे लिहून मोकळी होत असे. आणखी एक. मराठीत दुखणे एकाच शब्दाने सांगितले जात नाही. जखमेची आग होते, टाका ओढतो, हाड ठणकते, पोटात कळ येते, पायात चमक निघते, सांधा ठुसठुसतो. ठणका आणि ओढ यांना शिरेतले औषध लागू पडते. चमक निघत असेल, मुंग्या येत असतील तर तिथे नस दुखावली असण्याची शक्यता असते आणि मॉर्फिन वाढवत बसण्यात अर्थ नसतो. कळ एकाएकी वाढली आणि पोट कडक लागू लागले तर औषध देण्याआधी सर्जनना उठवायला हवे. हे शब्द कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहिलेला एक कागद प्रत्येक नर्सिंग काउंटरवर काचेखाली ठेवला, तर खर्च फोटोकॉपीचा तेवढा येईल.

आणि रुग्ण निपचित पडलेला असताना विचारू नये. निपचित पडल्यावर पुष्कळांचे दुखणे दोन आण्यांवर येते. त्याला कुशीवर वळवावे, खोकायला सांगावे आणि मग विचारावे.

नातेवाइकांची भीती हा दुसरा अडसर आहे. मॉर्फिन अफूपासून होते हे आता सगळ्यांना मोबाइलवर वाचायला मिळते, आणि मुलगा येऊन म्हणतो, सिस्टर, ते अफूचे इंजेक्शन नको, बाबांना सवय लागेल. त्याला हसू नये. आमच्या आजीच्या तोंडून मी ऐकले आहे की तिच्या लहानपणी शेतावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला झोपवायला अफूची कणभर गोळी चाटवत. ती भीती या मातीतली आहे. त्याला एवढेच समजावून सांगावे लागते की वॉर्डात, नोंद ठेवून, एक-दोन दिवस दुखण्याच्या मापाने दिलेले औषध आणि व्यसन यांत फार अंतर आहे. अमेरिकेत अशा औषधांच्या व्यसनाचे जे संकट उभे राहिले त्यात घरी नेण्यासाठी आठवडेच्या आठवडे लिहून दिलेल्या गोळ्यांचा वाटा मोठा होता. तो धडा आपल्यालाही लागू आहेच. डिस्चार्जच्या कागदावर महिनाभराचे ट्रामाडॉल लिहिणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यातलेच काही पहिल्या रात्री मॉर्फिन द्यायला कचरतात. मला हे उलटे वाटते. पहिल्या रात्री हात सैल असावा आणि घरी पाठवताना आखडता.

मी केवळ औषधाची बाजू मांडते आहे असे वाटू नये म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगते. सत्तरीतले एक स्थूल गृहस्थ, मोठ्या हर्नियाचे ऑपरेशन झालेले. रात्रीच्या डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅम मॉर्फिन शिरेतून लिहिले होते आणि मी ते एका दमात दिले. संध्याकाळच्या पाळीतल्या सिस्टरने उलटीसाठी प्रोमेथाझिन दिले होते, तेही गुंगी आणणारे. त्याची नोंद केसपेपरच्या मागच्या बाजूला होती आणि मी पान उलटले नव्हते. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी समाधानाने म्हणाल्या, "आता गाढ झोपलेत बघा, घोरायलासुद्धा लागले." मीही समाधानाने पुढच्या खाटेकडे गेले. सलाईन बदलायला परत आले तेव्हा त्या घोरण्यात खंड पडत होता. छातीवर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजले. सात श्वास भरले. मोठ्याने हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून मिटले. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटाच्या चिमट्यावर मात्र चौऱ्याण्णव आकडा होता, कारण नाकाला ऑक्सिजन चालू होता. मॉर्फिनचा अंमल उतरवणारे नॅलोक्सोन वॉर्डात नव्हते, ते थिएटरच्या ट्रॉलीत होते, एक मजला खाली. मी त्या जिन्यावरून जशी धावले तशी पुन्हा कधी धावले नाही. ड्युटी डॉक्टरांनी अँप्युल दहा मिलीत पातळ करून एक-एक, दोन-दोन मिली देत श्वास बारावर आणला. एकदम दिले असते तर सगळी वेदना एका झटक्यात परत आली असती आणि रक्तदाब उसळला असता. नॅलोक्सोनचा अंमल तासाभरात ओसरतो आणि मॉर्फिन त्यानंतरही अंगात असते, म्हणून मी उजाडेपर्यंत त्यांच्या खाटेपाशी स्टूल टाकून बसले. ते गृहस्थ चौथ्या दिवशी चालत घरी गेले. त्यांच्या पत्नीला मी काय घडले ते सांगितले नाही आणि ते आजही मनाला लागून आहे.

त्या रात्रीनंतर मी काही गोष्टी स्वतःपुरत्या नेमाने पाळल्या. शिरेतून असे औषध दिले की पहिली पंधरा मिनिटे त्या खाटेपासून हलायचे नाही आणि नंतर अर्ध्या तासाने, मग तासातासाने यायचे. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे ही या बाबतीत फसवणूक आहे. आणि हाक मारायची. साध्या झोपेतला माणूस हाकेने जागा होतो, कपाळाला आठ्या घालतो, वैतागतो. औषधाच्या गुंगीतला माणूस अर्धे वाक्य बोलून पुन्हा खाली जातो. श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते, आणि ऑक्सिजन चालू असताना चिमट्यावरचा आकडा सगळ्यांत शेवटी घसरतो, तेव्हा त्या आकड्यावर विसंबणे म्हणजे पूर ओसरल्यावर पूल तपासायला जाणे. वय जास्त, वजन जास्त, रात्री घोरण्याची सवय, मूत्रपिंड दुर्बळ, झोपेची गोळी नेहमीची, यांपैकी काहीही असेल तर डोस निम्म्याने सुरू व्हावा, आणि मूत्रपिंड दुर्बळ असणाऱ्यांत मॉर्फिनचे अंश साचत जातात म्हणून फेंटानिल लिहिणे बरे, हे मी भूलतज्ज्ञांकडूनच शिकले. प्रोमेथाझिन आणि मॉर्फिन एकाच केसपेपरवर असतील तर दोन्ही समोरच्याच बाजूला असावीत. पेंटाझोसिन दिलेले असताना त्यावर मॉर्फिन देण्यातही घोटाळा आहे, कारण ती दोन औषधे एकमेकांच्या आड येतात.

कायद्याची अडचण आहे, असे आपल्यापैकी पुष्कळ जण सांगतात, आणि एके काळी ती खरीच होती. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांचे असे जंजाळ झाले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ साली अख्ख्या देशात वैद्यकीय वापराचे मॉर्फिन अवघ्या १८ किलोवर आले होते. आणि हे अशा देशात, जिथे मंदसौर, नीमच, चित्तोडगडकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. पण २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना आवश्यक अमली औषधे असा वेगळा दर्जा मिळाला आणि त्यांच्यासाठी राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. नोंदवही ठेवावी लागते, साठ्याचा हिशेब द्यावा लागतो, जबाबदार डॉक्टर नेमावा लागतो. एवढे तर आपण रक्ताच्या पिशव्यांसाठीही करता. दरम्यान २०१८ मध्ये ट्रामाडॉलही याच कायद्याच्या कक्षेत आले, म्हणजे कागदपत्रांच्या भीतीने मॉर्फिनऐवजी ट्रामाडॉल लिहिण्यातली सोयसुद्धा आता पूर्वीइतकी राहिलेली नाही.

ज्यांच्याकडे मान्यता आहे त्यांनी चावीकडे पाहावे. कपाटाला दोन कुलुपे असावीत हे बरोबरच आहे, पण ती चावी प्रत्येक पाळीच्या जबाबदार सिस्टरच्या कमरेला असावी, अँप्युल मोजून, वहीवर दोन सह्या करून पाळीगणिक हातोहात जावी. उरलेले औषध साक्षीदारासमोर टाकून द्यावे आणि तसे लिहावे. चोरी होईल या भीतीने चावी घरी पाठवणे म्हणजे दागिने चोरीला जाऊ नयेत म्हणून लग्नातही न घालणे. आणि त्याच खोलीत, कुलपाबाहेर, सहज हाताला येईल असे नॅलोक्सोन हवे. ते अमली औषध नाही. ते एक मजला खाली ठेवण्याचे कोणतेही कारण मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

प्रत्येकाला मॉर्फिन द्या, असे माझे म्हणणे नाही. ज्या रुग्णालयात रात्री दोन मजल्यांना मिळून एकच सिस्टर असते, तिथे ते देऊ नये, असेच मी म्हणेन. तिथे सिस्टर वाढवावी किंवा दुसरा मार्ग घ्यावा. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला, दर सहा तासांनी, दुखो न दुखो, गेलेच पाहिजे; तो पाया आहे आणि तोच एसओएसमध्ये टाकलेला पाहून मला नवल वाटते. टाके घालण्याआधी सर्जनने जखमेच्या कडांना बुपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध टोचले, किंवा भूलतज्ज्ञाने पोटाच्या भिंतीत वा मांडीच्या नसेजवळ ब्लॉक दिला, म्हणजे तेवढाच भाग बधिर केला, तर पहिली रात्र कितीतरी हलकी जाते आणि मॉर्फिन निम्मेही लागत नाही. रुग्ण तोंडाने घेऊ लागला की शिरेतले औषध थांबवून गोळीवर यावे. मोठ्या रुग्णालयांत बटणाचे पंप आले आहेत. रुग्णाने दुखले की बटण दाबायचे, यंत्र मिलिग्रॅमभर देते आणि ठरावीक मिनिटे पुन्हा देत नाही. यंत्र चांगले आहे, कारण ज्याला गुंगी आली तो बटण दाबत नाही आणि आपोआप वाचतो. पण आपल्या खाटांभोवती माणसे असतात. झोपलेल्या आईचे दुखू नये म्हणून मुलगा रात्रभर बटण दाबत बसलेला मी पाहिला आहे, आणि त्या यंत्राचे सगळे शहाणपण तिथे संपते. पंप देणार असाल तर त्या मुलाला आधी बाहेर नेऊन समजावून सांगा, त्याच्या भाषेत. खानापूर किंवा हुक्केरीच्या दहा खाटांच्या रुग्णालयाला पंपाची गरज नाही. दहा मिलीची सिरिंज, चिकटपट्टी आणि शिकलेली सिस्टर पुरते.

तेव्हा केसपेपरवर आपण लिहावे ते असे. औषधाचे नाव, एका वेळी किती मिलिग्रॅम, किती मिनिटांनी पुन्हा, एकूण कितीच्या पुढे न विचारता जायचे नाही, श्वास मिनिटाला दहाच्या खाली गेला किंवा हाकेला नीट उत्तर येईना झाले तर काय थांबवायचे, काय द्यायचे आणि कोणाला फोन करायचा. नाडी, ताप आणि रक्तदाबाच्या रकान्याशेजारी दुखण्याचा एक रकाना, आण्यांत भरला तरी चालेल. हे आपल्या सहीने लिहिलेले असले की रात्रीची मुलगी कोणाच्या आवाजावर अवलंबून राहत नाही आणि आपलीही झोपमोड कमी होते. खासगी रुग्णालयांची नोंदणी ज्या जिल्हा प्राधिकरणाकडे होते, त्यांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना या पत्राची प्रत पाठवत आहे. तपासणीला येणारे अग्निशामक नळकांड्याची तारीख पाहतात, त्यांनी रात्री नऊनंतर एकदा येऊन चावी कोणाकडे आहे एवढेही पाहावे.

सिस्टरना शिकवण्यासाठी तज्ज्ञ कुठून आणायचे, असे कोणी विचारले तर मी आहे. मंगळवार सोडून कोणत्याही दिवशी, पाळी बदलायच्या वेळेला, जिल्ह्यात एसटी किंवा वायव्य सारिगेची (कर्नाटक परिवहनाची) बस जाते तिथपर्यंत मी येईन, मानधन नको. दहा मिलीच्या सिरिंज, सलाईनची एक बाटली आणि दोन खाटा तयार ठेवाव्यात. सेकंदकाट्याचे घड्याळ मी माझे आणीन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
बेळगाव